१६–११: टोनी बेनेट यांच्या मार्च महिन्याचा हिशेब

३० मार्च २०१९, लुईव्हिल. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेत दक्षिण विभागाची अंतिम लढत, व्हर्जिनिया विरुद्ध पर्ड्यू. ५.९ सेकंद उरलेत, व्हर्जिनिया तीन गुणांनी मागे आहे आणि टाय जेरोम फ्री थ्रोला (एकेका गुणाच्या दंडाच्या फटक्यांना) उभा आहे. पहिला पडला, दुसरा रिंगला लागून बाहेर आला. मामादी दियाकितेने उडी मारून चेंडू कसाबसा मागे ढकलला, तो थेट मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्यात गेला. संघातला सर्वांत बुटका गडी, पहिल्या वर्षाचा कीहे क्लार्क, चेंडूमागे धावला. जवळचे सहकारी चेंडू मागत होते. त्याने तो त्यांना न देता लांबवर दियाकितेकडे फेकला आणि दियाकितेने बझर वाजायच्या आत बास्केट केला. ७०–७०. जादा वेळेत व्हर्जिनिया ८०–७५ जिंकली आणि नऊ दिवसांनी देशाची विजेती झाली.

१६ मार्च २०२३, ऑर्लँडो. पहिलीच फेरी. समोर फर्मन, दक्षिण कॅरोलायनातलं एक छोटं कॉलेज. काही सेकंद उरलेत आणि व्हर्जिनिया ६७–६५ ने पुढे आहे. चेंडू त्याच क्लार्कच्या हातात. आता तो पाचव्या वर्षाचा, संघातला सर्वांत अनुभवी. दोघांनी त्याला कोपऱ्यात घेरलं. चेंडू जवळ धरून ठेवला असता, तर फार तर फ्री थ्रो मिळाले असते. त्याने तो मैदानाच्या मध्यावर भिरकावला आणि फर्मनच्या खेळाडूने अलगद झेलला. पुढच्या क्षणी जेपी पेगीजचा तीन गुणांचा फटका आत होता. घड्याळात २.२ सेकंद उरले होते. फर्मन ६८, व्हर्जिनिया ६७.

पास देणारा हात एकच, निर्णय दोन्ही वेळा पापणी लवायच्या आतले. प्रशिक्षक टोनी बेनेट यांच्या नावावर मात्र पहिल्या पासामुळे विजेतेपद लागलं आणि दुसऱ्यामुळे 'मार्चमध्ये ढेपाळणारा' हा शिक्का. एका प्रशिक्षकाचा स्पर्धेतला हिशेब दुसऱ्याशी ताडून पाहायचा असेल, तर बेनेट (१६ विजय, ११ पराभव) यांच्यापेक्षा बोलकं प्रकरण मला तरी सापडलेलं नाही.

आधी स्पर्धेबद्दल थोडं

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सांगायला नको. मार्च आला की ऑफिसात कुणीतरी ब्रॅकेटचा (सगळ्या सामन्यांच्या तक्त्याचा) कागद पुढे करतोच आणि बास्केटबॉलचं ओ की ठो न कळणारासुद्धा विजेते लिहून मोकळा होतो. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. ही स्पर्धा १९३९ साली आठ संघांवर सुरू झाली. १९८५ मध्ये ती ६४ संघांची झाली, २०११ मध्ये ६८ ची. चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ मानांकनं. निवड समितीच्या मते सर्वांत तगडा तो १ आणि सर्वांत दुबळा तो १६. पहिल्या फेरीत १ ची गाठ १६ शी पडते, २ ची १५ शी, आणि असंच पुढे. सगळी स्पर्धा बाद पद्धतीची. हरलात की बॅगा भरा. विजेतेपदासाठी सलग सहा सामने जिंकावे लागतात.

यातून एक गंमत निघते. तिसऱ्या क्रमांकाची लढत १९८१ नंतर बंद झाली. त्यामुळे तेव्हापासून प्रत्येक संघ दर वर्षी एक तर एकदाच हरतो किंवा विजेता होऊन एकदाही हरत नाही. म्हणजे प्रशिक्षकाच्या नावापुढचे पराभव = स्पर्धेत खेळलेली वर्षं वजा विजेतेपदं. ड्यूकचे माइक शशेफ्स्की ३६ वेळा खेळले, पाच वेळा जिंकले, म्हणून ३१ पराभव. नॉर्थ कॅरोलायनाचे रॉय विल्यम्स (आधी कॅन्सस) ३० वेळा खेळले, तीन वेळा जिंकले, म्हणून २७. बेनेट वॉशिंग्टन स्टेटकडून दोनदा आणि व्हर्जिनियाकडून दहादा असे १२ वेळा खेळले, एकदा जिंकले, म्हणून ११.

तर १६–११ मधले ११ म्हणजे नुसती हजेरी आहे! त्यात खेळाचा दर्जा कुठेच नाही. उलट ज्याला स्पर्धेचं आमंत्रणच आलं नाही त्याचा पराभवाचा रकाना त्या वर्षी कोरा राहतो. २०२२ मध्ये व्हर्जिनियाची निवड झाली नाही. ती दुय्यम समजल्या जाणाऱ्या एनआयटी स्पर्धेत गेली, तिथे दोन सामने जिंकली आणि मग हरली. मोठ्या हिशेबात त्यातलं काहीच नाही. २०२४ मध्ये संघ जेमतेम निवडला गेला, डेटनच्या प्राथमिक फेरीत कोलोरॅडो स्टेटकडून ६७–४२ असा सपाटून हरला आणि बेनेट यांच्या खात्यात एक पराभव वाढला. व्हर्जिनियाचे या दोन वर्षांचे संघ साधारण एकाच ताकदीचे होते. घरी बसलेला निष्कलंक राहिला, मैदानात उतरलेल्याला डाग लागला.

टक्केवारीचा मोह

मग लोक टक्केवारी काढतात. शशेफ्स्की १०१–३१, म्हणजे ७६.५ टक्के. विल्यम्स ७९–२७, ७४.५ टक्के. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएचे जॉन वुडन ४७–१०, ८२.५ टक्के. बेनेट ५९.३ टक्के. यादी लागली, वाद मिटला असं वाटतं.

याच यादीत केविन ओली यांना घालून बघा. कनेक्टिकटला २०१४ मध्ये त्यांनी सातव्या मानांकनावरून विजेतेपद मिळवून दिलं. २०१६ मध्ये एक सामना जिंकला, एक हरला. एकूण ७–१. टक्केवारी ८७.५, म्हणजे वुडन यांच्याही वर. दहा विजेतेपदांच्या डोक्यावर एक विजेतेपद बसवणारी ही यादी. कनेक्टिकटने २०१८ मध्ये याच ओलींना काढून टाकलं.

वुडन यांचा आकडा तर आतून उघडूनच पाहावा असा आहे. १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा विजेतेपदं. त्या काळात त्यांचा हिशेब ४४–१ होता. एकमेव पराभव १९७४ चा, नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून, दोन जादा वेळांनंतर ८०–७७. पण वुडन यूसीएलएला १९४८ पासून होते. १९६३ चा मोसम संपला तेव्हा याच स्पर्धेतला त्यांचा हिशेब होता ३–९! (तेव्हा हरलेल्यांना सांत्वनाचा सामना खेळावा लागे, म्हणून एका वर्षी दोन पराभव होऊ शकत.) पंधरा मोसम आणि तीन विजय. आजच्या कुठल्याही मोठ्या कॉलेजात हा माणूस कधीच टिकला नसता.

शिवाय वुडन यांच्या काळात स्पर्धेत बावीस-पंचवीस संघ असत. एका कॉन्फरन्समधून, म्हणजे कॉलेजांच्या एका गटातून, एकालाच प्रवेश मिळे. यूसीएलएला विजेतेपदासाठी चारच सामने जिंकावे लागत आणि पश्चिमेचे संघ पश्चिमेतच एकमेकांशी भिडत. १९७५ मध्ये ३२ संघ झाले, तेव्हा पाच सामने. वुडन यांचं मोठेपण याने उणावत नाही, सलग चार सामने असं नऊ वेळा जिंकणंही माणसाच्या आवाक्यातलं वाटत नाही. पण त्यांचे ८२ टक्के आणि शशेफ्स्की यांचे ७६ टक्के एकाच तराजूत घालता येत नाहीत. एका तागडीत चार मापं आहेत, दुसरीत सहा.

आणखी एक भानगड म्हणजे पुसलेले विजय. २००८ मध्ये जॉन कॅलिपारी यांच्या मेम्फिसने अंतिम सामन्यात कॅन्ससला दोन मिनिटं उरलेली असताना नऊ गुणांनी मागे टाकलं होतं. मारिओ चाल्मर्सच्या तीन गुणांच्या फटक्याने सामना जादा वेळेत गेला आणि बिल सेल्फ यांच्या कॅन्ससने ७५–६८ असा जिंकला. पुढे एका खेळाडूच्या पात्रतेवरून मेम्फिसचा तो सगळा मोसम रद्द झाला. लुईव्हिलचं २०१३ चं विजेतेपदही असंच काढून घेतलं गेलं, आणि मग रिक पिटिनो यांचा हिशेब छापील वेगळा, मैदानावरचा वेगळा. कुठली यादी हातात आहे हे आधी विचारावं लागतं.

शार्लटची रात्र

आता बेनेट. वडील डिक बेनेट यांनी २००० मध्ये विस्कॉन्सिनला फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांत, नेलं होतं. 'पॅक लाइन' ही बचावाची पद्धत त्यांची. चेंडूवाल्यावर एकाने दाब ठेवायचा आणि बाकी चौघांनी तीन गुणांच्या रेषेच्या आत घट्ट गोळा होऊन बास्केटकडे जाणारी वाट बुजवायची. टोनींनी ती व्हर्जिनियात २००९ पासून रुजवली. त्याच्या जोडीला अतिशय संथ आक्रमण. देशात सर्वांत कमी वेळा चेंडू वापरणाऱ्या संघांत व्हर्जिनिया दर वर्षी असे. बघायला कंटाळवाणं, असं म्हणणारे पुष्कळ होते. मला ते आवडायचं, पण मला कसोटीतला पाचव्या दिवसाचा बचावही आवडतो, तेव्हा माझं मत जरा बाजूला ठेवा.

२०१८ मध्ये संघ ३१–२ असा स्पर्धेत आला. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना ज्यात आहेत त्या गोटात, १७–१. साऱ्या देशात पहिलं मानांकन. १६ मार्चला शार्लटमध्ये समोर यूएमबीसी, म्हणजे मेरीलँड विद्यापीठाची बाल्टिमोर काउंटी शाखा. तोवर हे कॉलेज माहीत होतं ते बुद्धिबळाच्या संघासाठी. १९८५ पासून पहिल्या मानांकनाचे संघ सोळाव्याशी १३५ वेळा खेळले होते आणि १३५ वेळा जिंकले होते.

मध्यंतराला २१–२१. हे विचित्र होतं, पण व्हर्जिनियाच्या संथ खेळात अगदीच न घडणारं नव्हे. मग दुसऱ्या अर्ध्यात यूएमबीसीने ५३ गुण केले. त्या मोसमात व्हर्जिनिया अख्ख्या सामन्यात सरासरी ५४ च्या आसपास गुण द्यायची. जायरस लाइल्सचे एकट्याचे २८. यूएमबीसीचे तीन गुणांचे २४ पैकी १२ पडले, व्हर्जिनियाचे २२ पैकी ४. निकाल ७४–५४. अटीतटीची हार नव्हे, वीस गुणांची.

एक गोष्ट तेव्हाच्या गदारोळात मागे पडली. त्या आठवड्यात मनगट मोडल्यामुळे डिआंद्रे हंटर खेळत नव्हता. लांब हातांचा, बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही खेळाडूंना अडवू शकणारा हा एकच गडी संघात होता. तो असता तर जिंकले असते असं म्हणायचा मोह होतो. पण वीस गुणांच्या फरकात एका माणसाने सगळं भरून निघालं असतं असं मी म्हणणार नाही. सामना वीसचा झाला नसता, इतकंच.

दुसऱ्या दिवसापासून एक सिद्धान्त सगळीकडे फिरू लागला. संथ खेळणारा बलाढ्य संघ स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. चेंडू कमी वेळा वापरला की दुबळ्याला नशिबाची संधी जास्त. तर्क चुकीचा नाही. नाणेफेक दहा वेळा केली तर सात छापा येऊ शकतात, हजार वेळा केली तर सातशे येत नाहीत. पण परिणाम किती? समजा बलाढ्य संघ दर वेळी चेंडू हातात आला की समोरच्यापेक्षा सरासरी ०.२ गुण जास्त काढतो. सत्तर ताब्यांच्या सामन्यात अपेक्षित फरक १४ गुण, साठ ताब्यांच्या सामन्यात १२. नशिबाचा हेलकावा सत्तर ताब्यांत साधारण १२ गुणांचा धरला, तर साठ ताब्यांत तो ११ च्या आसपास उतरतो, कारण तो ताब्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. हिशेब केला तर जिंकण्याची शक्यता ८८ टक्क्यांवरून ८६ वर येते. आकडेमोड माझी, ढोबळ आहे. पण त्यातून दिसतं ते हे की संथपणाची किंमत दोनेक टक्के आहे, आणि दोन टक्क्यांनी यूएमबीसीची रात्र उलगडत नाही.

मला त्याहून खरी वाटणारी अडचण वेगळी. हा संघ पुढे असताना खेळायला बांधलेला होता. दहा-बाराने मागे पडल्यावर भराभर गुण काढायची सवय त्याला नव्हती, आणि घाईने मारलेले फटके त्या रात्री पडतही नव्हते. २०१६ मध्ये उलटं झालं. शेवटच्या आठात दहाव्या मानांकनाच्या सिरॅक्यूसविरुद्ध हेच बेनेट दुसऱ्या अर्ध्यात पंधराच्या आसपास गुणांनी पुढे होते. सिरॅक्यूसने साऱ्या मैदानभर दाब टाकला आणि ६८–६२ असा सामना काढून नेला. त्या पराभवाबद्दल बेनेट यांना जाब विचारायला जागा आहे, आणि माझ्या मते यूएमबीसीच्या सामन्याहून जास्त.

मानांकनाने मोजलं तर

यादीवाल्यांहून जरा शहाणे लोक मानांकनावरून अपेक्षा काढतात. पहिल्या मानांकनाचा संघ आजवर सरासरी सव्वातीन सामने जिंकत आलाय, दुसऱ्याचा सव्वादोनहून थोडे जास्त, चौथ्याचा दीड. ६४ संघांत मिळून ६३ सामने होतात, म्हणजे सरसकट सरासरी एकाला जरा कमीच. प्रत्येक वर्षाची अपेक्षा मांडायची, प्रत्यक्ष विजय मांडायचे, वजाबाकी करायची.

बेनेट यांची बारा वर्षं अशी मांडली. मानांकनं क्रमाने ३, ४, १०, १, २, १, ५, १, १, ४, ४, १०. अपेक्षा चोवीसच्या आसपास येते. प्रत्यक्षात सोळा. आठ सामन्यांची तूट. ही तूट खोटी नाही आणि बेनेट यांच्या चाहत्यांनी ती झटकून टाकू नये. २०१८ अखेर हिशेब १०–८ होता, अपेक्षा सतराच्या वर. त्यानंतर २०१९ मध्ये ६–०. त्यानंतर पुन्हा ०–३. म्हणजे विजेतेपदाचं एक वर्ष वगळलं तर १०–११.

पण या मापातही एक खोट आहे. चांगलं मानांकन मिळवतो कोण? तोच प्रशिक्षक. नोव्हेंबर ते मार्च तीसेक सामने खेळून तो संघाला पहिल्या मानांकनावर नेतो आणि मग ते मानांकनच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभं राहतं. मोसमात चार सामने जास्त हरला असता तर पाचवं मानांकन मिळालं असतं आणि मार्चमधले दोन विजयही 'अपेक्षेपेक्षा सरस' ठरले असते. मिशिगन स्टेटचे टॉम इझो यांची ख्याती नेमकी इथे आहे. खालच्या मानांकनावरून वर उसळणारा माणूस. बेनेट यांना त्यांनी दोनदा घरी पाठवलं. २०१४ मध्ये चौथ्या मानांकनावरून ६१–५९, २०१५ मध्ये सातव्यावरून ६०–५४, आणि त्या वर्षी ते फायनल फोरपर्यंत गेले. इझो थोर आहेत यात वाद नाही, आठ फायनल फोर उगाच होत नाहीत. पण त्यांच्या संघाचे डिसेंबर नेहमी ठेचा खाण्यात जातात. तगड्या संघांशी मुद्दाम सामने ठरवायचे, हरायचे, शिकायचे. त्यामुळे मार्चमध्ये त्यांचं मानांकन ताकदीपेक्षा कमी असतं आणि बेनेट यांचं बहुधा ताकदीइतकं. आणि इझो यांनाही २०१६ मध्ये दुसऱ्या मानांकनावर असताना पंधराव्या मिडल टेनेसीने ९०–८१ असं पहिल्याच फेरीत लोळवलंय. तो सामना कुणी फारसा काढत नाही.

बेनेट यांच्या बाजूने सर्वांत वजनदार कागद मार्चचा नाहीच. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना ऐन भरात असताना व्हर्जिनियाने कॉन्फरन्सच्या साखळीत सहा वेळा पहिला क्रमांक घेतला (२०१४, २०१५, २०१८, २०१९, २०२१, २०२३. त्यातली २०१९ आणि २०२३ ची दुसऱ्या संघाबरोबर वाटून). कॉन्फरन्सची बाद स्पर्धा दोनदा जिंकली, त्याआधीचं त्यांचं त्या स्पर्धेतलं विजेतेपद १९७६ चं होतं. साखळीत दर वर्षी अठरा-वीस सामने, ओळखीचे, तुल्यबळ विरोधक, घरी आणि बाहेर. बारा वर्षांत मिळून झालेल्या सत्तावीस बाद सामन्यांपेक्षा त्यातून प्रशिक्षकाची पारख कितीतरी जास्त होते. अहमदाबादच्या २०२३ च्या अंतिम सामन्याआधी सलग दहा सामने जिंकलेल्या भारतीय संघाबद्दल दुसऱ्या दिवशी जे काही बोललं गेलं आणि आठ महिन्यांत बार्बाडोसनंतर त्याच कर्णधाराबद्दल जे बोललं गेलं, ते ज्यांना आठवतं त्यांना हे फार समजावून सांगायला नको.

२०१९: तीन सामने आणि समोरचा माणूस

त्या सहा विजयांकडे जवळून पाहिलं की छाती दडपते. पहिल्याच फेरीत सोळाव्या मानांकनाच्या गार्डनर-वेबने व्हर्जिनियाला १४ गुणांनी मागे टाकलं होतं. पुन्हा तेच होणार की काय, असं सगळ्या देशाला वाटलं. सामना सावरला, ७१–५६. मग ओक्लाहोमा ६३–५१, ओरेगॉन ५३–४९. मग पर्ड्यू, त्यात कार्सन एडवर्ड्सने एकट्याने ४२ गुण केले, आणि तो क्लार्कचा पास.

मिनियापोलिसला उपांत्य फेरीत ऑबर्न. ०.६ सेकंद उरलेले, ऑबर्न ६२–६० ने पुढे आणि तीन गुणांच्या फटक्यावर काइल गायला धक्का लागला म्हणून तीन फ्री थ्रो. त्याने तिन्ही टाकले. पाचपैकी चार टाकणारा खेळाडूही सलग तीन टाकेल याची शक्यता निम्मीच असते. त्याच्या काही सेकंद आधी जेरोमचा दुहेरी ड्रिबल पंचांनी पकडला नव्हता. पकडला असता तर गायला ती संधी मिळाली नसती. अंतिम सामन्यात टेक्सस टेकविरुद्ध शेवटच्या पंधरा सेकंदांत हंटरच्या तीन गुणांनी ६८–६८ झालं आणि जादा वेळेत ८५–७७. हंटरचे २७ गुण. आदल्या वर्षी हात प्लास्टरमध्ये घालून बाकावर बसलेला हाच तो.

आता कनेक्टिकटची २०२३ आणि २०२४ ची विजेतेपदं याशेजारी ठेवा. डॅन हर्ली यांचे बारा विजय, प्रत्येक किमान १३ गुणांनी. एकही सामना शेवटच्या मिनिटात अडकला नाही. छापील हिशेबात हर्ली यांचं प्रत्येक विजेतेपद ६–० आणि बेनेट यांचंही ६–०. आणि हर्ली यांना तरी २०२२ पर्यंत कोण विचारत होतं? ऱ्होड आयलंड आणि कनेक्टिकट मिळून तेव्हा त्यांचा हिशेब २–४ होता, कनेक्टिकटचा त्यातला ०–२. त्या वेळी कुणी त्यांना 'मार्चमध्ये न चालणारा' म्हटलं असतं तर आकडा त्याच्या बाजूने होता.

पण या प्रकरणात खरी किंमत मोजली ती लुईव्हिलला समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाने. पर्ड्यूचे मॅट पेंटर तोवर एकदाही फायनल फोरला गेले नव्हते आणि त्या रात्री ५.९ सेकंदांवर होते. तिथून त्यांचे दशावतार सुरू झाले. २०२१ मध्ये तेराव्या मानांकनाच्या नॉर्थ टेक्ससकडून पहिल्या फेरीत हार. २०२२ मध्ये शेवटच्या सोळात पंधराव्या सेंट पीटर्सकडून ६७–६४. २०२३ मध्ये ७ फूट ४ इंचांचा झॅक ईडी संघात, पहिलं मानांकन, आणि सोळाव्या फेअरली डिकिन्सनकडून ६३–५८. यूएमबीसीनंतर दुसऱ्यांदाच हे घडलं. तो सामना फर्मनच्या सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी झाला. पेंटर यांनाही नेमक्या त्याच शब्दांत झोडपलं गेलं ज्या शब्दांत पाच वर्षांपूर्वी बेनेट यांना. पुढच्या वर्षी तेच ईडी, तीच पद्धत आणि पर्ड्यू थेट अंतिम सामन्यात. तिथे हर्ली यांच्या कनेक्टिकटने त्यांना ७५–६० हरवलं.

क्लार्कचा पास हातभर चुकला असता तर २०१९ ची फायनल फोर पेंटर यांच्या नावावर असती आणि बेनेट कदाचित एकदाही तिथे न पोचता निवृत्त झाले असते. दोघांच्या बचावाच्या पद्धतीत, सरावात, खेळाडू निवडण्यात त्याने काडीचा फरक पडला नसता. म्हणून माझं म्हणणं असं की मार्चचा हिशेब प्रशिक्षकांच्या तुलनेत धरावा, पण शेवटी. आधी साखळी, मग मानांकनं, मग हरलेले सामने कसे हरले, आणि उरलीच जागा तर हा आकडा. बेनेट यांच्या बाबतीत या क्रमाने गेलं तर उत्तर येतं: पहिल्या दहांतला बांधणीकार, मागे पडल्यावर डाव बदलण्यात कमी. हे १६–११ मध्ये कुठेच लिहिलेलं नाही.

२०२१ बद्दल एक टीप राहिली. कॉन्फरन्सच्या स्पर्धेत संघात कोविड निघाला, उपांत्य सामना सोडावा लागला, विलगीकरण झालं आणि संघ सामन्याच्या आदल्या दिवशी इंडियानात पोचला. ओहायोकडून ६२–५८ हार. २०२० ची स्पर्धा तर झालीच नाही, म्हणजे विजेत्यांना ते पद राखायची संधीच मिळाली नाही. या दोन वर्षांचं काय करायचं ते ज्याने त्याने ठरवावं. मी २०२१ चा पराभव मोजतो, पण पेन्सिलीने.

बेनेट यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये, मोसम तोंडावर आलेला असताना, निवृत्ती घेतली. खेळाडूंना मिळणारे पैसे आणि त्यांची दर वर्षीची कॉलेजबदली या नव्या व्यवहारात आपण बसत नाही, असं त्यांनी कारण दिलं. एक मोसम हंगामी प्रशिक्षकावर गेला. मार्च २०२५ मध्ये व्हर्जिनियाने नवा माणूस नेमला, रायन ओडम. त्यांचे वडील डेव्ह ओडम ऐंशीच्या दशकात व्हर्जिनियातच सहायक प्रशिक्षक होते, तेव्हा पोराचं लहानपण त्याच गावात गेलेलं. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ आणि त्याआधी यूटा स्टेटमध्ये त्यांनी चांगलं काम केलं होतं. पण मोठ्या स्पर्धेतला त्यांचा हिशेब नेमणुकीच्या दिवशी होता १–३. त्यातला एकमेव विजय १६ मार्च २०१८ चा, शार्लटमध्ये, यूएमबीसीच्या बाकावरून, व्हर्जिनियाविरुद्ध.